शिशातला शिक्का

घरात जुनं लोखंडी वजन असेल तर ते उलटं करून पाहा. तळाशी एक खड्डा असतो आणि त्यात शिसं ओतलेलं असतं. त्या शिशावर ठोकलेली बारीक अक्षरं नीट पाहिलीत तर एक इंग्रजी अक्षर दिसेल: ए, बी, सी किंवा डी. वर्षाच्या कोणत्या तिमाहीत वजन तपासलं, ते या अक्षरावरून कळतं. शेजारी वर्षाचे आकडे आणि तपासणाऱ्या निरीक्षकाची खूण. 1982 ते 2013 अशी एकतीस वर्षं मी हे शिक्के ठोकले. हातोडीच्या एका घावात अक्षर स्वच्छ उठलं पाहिजे. दुसरा घाव घातला की ते दुहेरी होतं आणि दुहेरी शिक्क्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुकानदार आम्हाला ‘वजनमापेवाले साहेब’ म्हणायचे. पुढे खात्याचं नाव वैधमापन शास्त्र झालं, पण बाजारात ते रुळलं नाही. ‘काटा पासिंग करायचाय’ एवढंच लोक म्हणत.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. निवड झाल्यावर प्रशिक्षणासाठी रांचीच्या केंद्र सरकारी संस्थेत गेलो. तिथं मनात ठसलेली गोष्ट अशी की शिक्का मारणं म्हणजे वजनाचं कूळ तपासणं. दुकानातलं किलोचं वजन माझ्या पेटीतल्या पितळी वजनाशी ताडलेलं असतं. माझं पितळी वजन प्रयोगशाळेतल्या दुय्यम प्रमाणाशी, ते त्याच्या वरच्या संदर्भ प्रमाणाशी, आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोग्रॅमशी. त्याचा क्रमांक 57. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून उठून प्लांकच्या स्थिरांकावर गेली, पण बाजारातली उतरंड अजून तीच आहे. भाजीवालीच्या तागडीत कांदे पडतात तेव्हा त्या उतरंडीची शेवटची पायरी तिच्या हातात असते.

आमच्या घराण्याचा या विषयाशी संबंध माझ्या नोकरीच्या फार आधीपासूनचा. माणदेशातल्या एका गावी आजोबांचं धान्याचं दुकान होतं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. दुकानात मापांची रांग असे: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ही रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा अर्ध्या-अर्ध्यानं सगळा हिशेब करू शकायची. पायलीच्या वर मण आणि वीस मणांची खंडी. मण मात्र कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. धान्य मापताना अप्पा ‘एक’ म्हणत नसत. पहिली पायली ओतताना ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, तीन. पायलीवर शंकूसारखी रास उभी राहायची, तिला शीग म्हणत. शिगोशीग भरून द्यायचं की हात फिरवून सपाट द्यायचं, हे मापणाऱ्याच्या मर्जीवर. शेतकरी समोर उकिडवा बसून त्या हाताकडे पाहत राहायचा.

अप्पांकडे पायल्या दोन होत्या. एक ओसरीवर असायची, दुसरी आतल्या खोलीत. लहानपणी वाटायचं, एक जुनी झाली म्हणून दुसरी आणली असेल. अप्पा गेले, दुकान बंद झालं, भांडी वाटली गेली, आणि दोन्ही पायल्या माझ्या वाट्याला आल्या. नोकरीत दहाएक वर्षं झाल्यावर एका रिकाम्या दुपारी मी त्या कार्यालयात नेल्या आणि प्रमाणित लिटरनं पाणी ओतून मोजल्या. दोघींत जवळजवळ एका मापट्याचा फरक निघाला. म्हणजे अर्धा शेर, पायलीचा आठवा हिस्सा. लहान पायलीचा तळ आतून वर उचललेला होता. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत. मोठीनं घ्यायचं, लहानीनं द्यायचं. चैत्रात उसनं दिलेलं धान्य सुगीला सवाईनं परत येई, त्यात आणखी हा आठवा हिस्सा. अप्पा देवभोळे होते, नातवंडांवर जीव टाकणारे होते, आणि हेही करत होते. त्या दुपारी मला फार लाज वाटली. आणि आपलं खातं कशासाठी आहे, हे त्या दिवशी जितकं कळलं तितकं कोणत्याही प्रशिक्षणात कळलं नव्हतं.

नंतर कौटिल्याचं अर्थशास्त्र वाचलं, तेव्हा अप्पांच्या दोन पायल्यांचा वडीलधारा तिथे भेटला. कौटिल्यानं वजनामापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. वजनं लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची करावीत. पाण्यानं किंवा उष्णतेनं ज्यांच्यात फरक पडत नाही अशाच पदार्थांची करावीत. दर चार महिन्यांनी शिक्का मारून घ्यावा, आणि बिनशिक्क्याचं वजन सापडलं तर सव्वासत्तावीस पण दंड. हे वाचताना मी सुखावलो होतो, आपल्या पदाला एवढी जुनी परंपरा आहे म्हणून. मग द्रोणाचा हिशेब आला. राजाच्या उत्पन्नाचं धान्य मोजून घ्यायचा द्रोण 200 पलांचा. व्यापारातला 187½ पलांचा. नोकरचाकरांना द्यायचा 175 चा. अंतःपुरासाठीचा 162½ चा. एकाच नावाची चार मापं, आणि सगळ्यात मोठं सरकारच्या घेण्याचं. दगड गरमीनं फुगू नये याची काळजी घेणारा माणूस राजाचं माप सरळ मोठं ठेवतो आणि त्यात त्याला काही लपवावंसंही वाटत नाही.

वजनामापांचा इतिहास म्हणजे शेर-मणांचं कोष्टक, असं आपण शाळेत शिकतो. मला तो वेगळा दिसतो. माप कोणाच्या हातात आहे आणि समोरच्याला ते तपासता येतं का, एवढाच या इतिहासातला खरा प्रश्न आहे. पेशवाईत पुण्याच्या बाजारातली वजनंमापं पाहण्याचं काम कोतवालाकडे होतं, म्हणजे पेठेपुरती देखरेख होती. पण एका पेठेतून दुसऱ्या पेठेत, एका परगण्यातून दुसऱ्यात गेलं की शेर बदलायचा. पक्का शेर, कच्चा शेर, धान्याचा शेर, तेलाचा शेर. हे सगळं ज्याला पाठ तो व्यापारी. ज्याला पाठ नाही तो गिऱ्हाईक किंवा शेतकरी.

इंग्रजांच्या काळात गोंधळ कमी झाला नाही, फक्त नोंदला गेला. मुंबईचा मण 28 पौंडांचा, मद्रासचा 25 चा आणि बंगालचा 82 पौंडांहून थोडा जास्त. दक्षिण कोकणची पाहणी केलेला थॉमस जर्व्हिस नावाचा लष्करी इंजिनिअर 1830 च्या दशकात साऱ्या हिंदुस्थानला एकच मोजमाप लावण्याचे आराखडे मांडत होता. 1833 मध्ये कंपनी सरकारनं रुपयाचं वजन 180 ग्रेन हाच तोळा ठरवला. 80 तोळ्यांचा शेर, 40 शेरांचा मण. खिशातलं नाणंच वजन झालं, ही कल्पना चांगली होती. सोनाराकडे मात्र आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा चालूच राहिला. 1871 मध्ये तर किलोग्रॅमएवढा शेर मान्य करणारा कायदा झाला होता, पण तो अमलात आलाच नाही. तो आला असता तर अप्पांच्या जन्माआधीच हा प्रश्न मिटला असता, असं मला अनेकदा वाटून गेलं आहे.

आपल्याकडे खरी सुरुवात 1932 च्या मुंबई वजनेमापे कायद्यानं झाली. प्रांताची ठरलेली वजनं, ती तपासणारे निरीक्षक आणि शिक्का. तरीही देशभर एक माप व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. 1947 मध्ये भारतीय मानक संस्था निघाली. तिचे पहिले संचालक लाल चंद वर्मन हे मेट्रिक पद्धतीसाठी झटणाऱ्यांपैकी एक. 1956 च्या डिसेंबरात संसदेचा कायदा झाला, 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, 1 ऑक्टोबर 1958 पासून निवडक भागांत किलो आला आणि 1962 पर्यंत वजनांचा बदल देशभर पुरा झाला. निरक्षर माणसं बहुसंख्य असलेल्या देशानं चार वर्षांत आपली सगळी वजनं बदलली. आपल्या पुस्तकांत धरणांची आणि पोलाद कारखान्यांची वर्णनं येतात. या कामाला एखादी ओळ मिळते.

तो बदल मी अगदी लहानपणी पाहिला, पण त्याची हकिकत आईच्या तोंडून ऐकली. अप्पा महिनाभर चिडलेले होते. शेर म्हणजे 933 ग्रॅम; किलो त्याहून जास्त. गिऱ्हाईक किलोभर घेऊन शेराचाच भाव देऊ पाहायचं, आणि काही दुकानदार शेरभर देऊन किलोचा भाव लावायचे. सहा कोनांची नवी लोखंडी वजनं आली, दुकानात तक्ता टांगला गेला. मापाऐवजी वजन आलं हा त्यातला मोठा बदल. धान्य आता पायलीनं नाही, काट्यावर तोलून विकायचं. वजनाला शीग नसते. मापणाऱ्याच्या हाताची मर्जी त्या दिवशी कायद्यानं संपली. खेड्यापाड्यांत उसनवारीसाठी पायली पुढेही वर्षानुवर्षं चालली, आणि शेजारणीशेजारणींत चालली तर माझी काही हरकत नव्हती. शब्द तर फारच चिवट. आजही सोनाराकडे आपण ‘तोळा’ म्हणतो आणि घेतो दहा ग्रॅम. खरा तोळा 11.66 ग्रॅमचा होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा काम मुख्यतः तालुक्याच्या आणि आठवडे बाजाराच्या गावी फिरून चाले. एस.टी.च्या टपावर पितळी वजनांची लाकडी पेटी, सोबत शिपाई, हातोडी, शिक्क्यांच्या पट्ट्या, पावतीपुस्तक. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसायचं आणि दुकानदार वजनं पोत्यात घालून आणायचे. झिजलेल्या वजनात शिसं भरून ते पुरं करायचं, मग शिक्का. तराजू टांगायचा, दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवायची, मग वजनं पारड्यांत अदलाबदल करायची. दांडीच्या दोन बाजू सारख्या नसतील तर काटा तिथेच बोलतो. लबाडीचे प्रकार ठरलेले: तळातलं शिसं कोरून काढायचं, पारड्याखाली चिंचेचा गोळा किंवा मेण चिकटवायचं, लोहचुंबक लावायचं. मी यांना फार हुशारी मानत नाही. पारडं उलटं केलं की सापडतात.

पण चूक नेहमी लबाडीच असते असं नाही. एका बाजारात एक म्हातारी वांगी-मिरच्या विकत होती. तिच्या तराजूची दांडी वाकलेली. मी तपासलं आणि तिला म्हणालो, “मावशी, तुमचा काटा चुकीचा आहे.” ती घाबरली. गयावया करू लागली. मी सांगितलं, “अहो, घाबरू नका. तुम्ही किलोला पन्नास-साठ ग्रॅम जास्त देताय लोकांना.” ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “मंजी इतकी वर्सं माझंच जात व्हतं व्हय, साहेब?” तो तराजू तिच्या नवऱ्यानं घेतलेला होता. दांडी सरळ करून दिली, ठरलेली फी घेतली, पावती दिली. काटा बरोबर असणं हे विकणाऱ्याचंही संरक्षण आहे, हे मी पुढे प्रत्येक नव्या निरीक्षकाला या बाईच्या गोष्टीवरून सांगत आलो.

आमच्या खात्याचं नाव सगळीकडे चांगलं नव्हतं. शिक्क्यासाठी वरची रक्कम मागणारे लोक होते, दिवाळीच्या मिठाईच्या बदल्यात डोळे मिटणारे होते. ज्याच्या हातात माप तपासण्याची सत्ता, त्याच्या हातात दुसरी मोठी पायली येऊ शकते. म्हणून ग्राहकाला स्वतःला विचारता आलं पाहिजे, असं मला वाटत आलं आहे. 1970 च्या दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. या लोकांनी ‘गिऱ्हाईक’ या शब्दाचा ‘ग्राहक’ केला. त्यांच्या तक्रारीची पत्रं आमच्या कार्यालयात आली की काही सहकारी वैतागायचे. मला ती हवी असायची. तक्रार आली की वरून दबाव आला तरी फाइल बंद करणं अवघड जायचं.

दरम्यान बाजारच बदलत होता. माल पोत्यातून पाकिटात गेला. 1977 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर निर्मात्याचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणं बंधनकारक केलं. सुरुवातीला किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापता यायचं, आणि त्या तीन शब्दांत दुकानदार वाटेल ते मिळवायचा. 1990 मधल्या दुरुस्तीनं सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती झाली. आज शाळकरी पोरगंसुद्धा दुकानदाराला ‘एम.आर.पी. बघा की’ म्हणतं. त्यामागं हा नियम आहे.

नोकरीतले सगळ्यात कठीण दिवस ऊस हंगामातले. शेतकरी त्याला ‘काटामारी’ म्हणतात. बैलगाडीचा, ट्रॅक्टरचा ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, आकडा खोलीतल्या माणसाला दिसतो आणि शेतकऱ्याला चिठ्ठी मिळते. भरारी पथकातून आम्ही वीस-वीस किलोंची वजनं ट्रकमध्ये घालून जायचो. मोठा काटा पूर्ण क्षमतेपर्यंत तपासायला तेवढी वजनं कोणाकडेच नसतात. म्हणून आधी आपली वजनं चढवायची, आकडा टिपायचा, मग ती उतरवून त्याच आकड्याइतका भरलेला ट्रॉलीचा माल चढवून पुन्हा आपली वजनं वर ठेवायची. असं पायरीपायरीनं वर जायचं. अर्धा दिवस जातो. आणि आज काटा बरोबर निघाला म्हणजे काल रात्री बरोबर होता असं सिद्ध होत नाही, हे शेतकऱ्याला कळतं आणि आम्हालाही कळायचं. माझं स्पष्ट मत आहे की आकडा दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत दिसला पाहिजे आणि बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेली गाडी कोणत्याही कारखान्यानं नाकारता कामा नये. बाजार समितीत ‘कडता’ म्हणून क्विंटलमागे वजन कापण्याची रीतही तशीच. ओलाव्याचं, मातीचं, पोत्याचं नाव सांगून घेतलेली ती मोठी पायलीच आहे.

2009 चा वैधमापन कायदा 1 एप्रिल 2011 पासून लागू झाला, तेव्हा माझी दोन वर्षं उरली होती. तोवर लोखंडी वजनं मागे पडून इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. साध्या वजनांची फेरपडताळणी दोन वर्षांनी होते, या काट्यांची दरवर्षी. इथे चिंचेचा गोळा लागत नाही. आतल्या जुळणीला हात लावला की पुरतं. म्हणून तारेचं शिशाचं सील महत्त्वाचं. सील तुटलेलं दिसलं की मी आकडा बघायच्या आधीच काटा बाजूला काढायला सांगायचो.

निवृत्तीनंतर एक गोष्ट मला सतावते. बिस्किटांचा पुडा तोच, रंग तोच, किंमत तीच, आणि आतलं वजन दरवेळी काही ग्रॅमनं कमी. पाकिटावर वजन खरंच छापलेलं असतं, म्हणून मापात पाप म्हणता येत नाही. पण बाहेरून सारखी आणि आतून तळ उचललेली, अशी एक पायली माझ्या घरात आहे. 2021 च्या दुरुस्तीनं ठरावीक आकाराच्याच पाकिटांची सक्ती काढली आणि तिच्या जागी दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापण्याचा नियम आणला. एकक विक्री किंमत म्हणतात तिला. हा नियम मला आमच्या शिक्क्याचा खरा वारस वाटतो. मोठा पुडा स्वस्त की लहान, हे त्या एका आकड्यावरून कळतं. तो आकडा फार बारीक छापतात, पण शोधलात तर सापडतो.

आणि एवढंच करा. दुकानात काट्यावरचा शिक्का आणि भिंतीवरचं पडताळणी प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे का, ते पाहा. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. पंपावर ते ठेवावंच लागतं, आणि पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपेक्षा जास्त घट मान्य नाही. घरचा गॅस सिलिंडर दारातच वजन करून घ्या: गॅस 14.2 किलो, अधिक टाकीवर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन. कोणी नकार दिला तर वैधमापनच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या किंवा 1915 या क्रमांकावर फोन करा.